कातरलेला कोपरा

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — जिला मी वरणात मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखीचा चेहरा समोर आला की माझं तोंड बंद होतं.

तसं माझं तोंड सहसा बंद होत नाही. प्रताप नगरात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. नळाला पाणी आलं नाही, कोणाच्या पोरानं फाटकासमोर गाडी आडवी लावली — की मंदाताईंना पुढे करा. तोंडाची फाटकी म्हणतात मला, आणि ते काही खोटं नाही. मग अशा बाईला एक वाक्य बोलता येऊ नये? साधं, चार शब्दांचं? ते वाक्य दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा मी गिळलं. पण आधी आमचं काम सांगावं लागेल. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणारच नाही.

हिंगण्याच्या पुढे, एमआयडीसीत, आमचा कारखाना आहे. तिथे गाड्या बनतात. तुमच्या-माझ्या नाही — त्या बसक्या, चपट्या, आतल्या माणसाशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागेल अशा. इतक्या थोड्या बनतात की प्रत्येक गाडी आम्हाला लक्षात राहते: लाल होती ती पोळ्याच्या सुमारास गेली, राखाडी होती ती संक्रांतीनंतर. सगळ्या बाहेर जातात. नागपुरात एकही राहत नाही, आणि राहिली असती तर पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं असतं.

लोकांना वाटतं, अशा गाड्या यंत्रं बनवत असतील. कसली यंत्रं! इंजिन तेवढं खोक्यात बंद होऊन बाहेरून येतं. सीटचं चामडं शिवायला दोन शिंपी आहेत, ते आपापसांत भांडत भांडत शिवतात. आणि गाडीचं अंग — ते आम्ही बायका बनवतो, हातानं. पत्रा नसतो त्याला. कापड असतं. कार्बनचं, काळं कापड. मी आधी ब्लाउज शिवायची, म्हणून मला घेतलं. मुलाखतीत साहेबांनी माझे हात पाहिले होते, मार्कशीट नंतर पाहिली.

हे कापड फ्रीजरमध्ये ठेवतात, मटारासारखं. बाहेर काढून नरम होऊ द्यायचं. त्याच्यात गोंद आधीच मुरवलेला असतो, म्हणून चिकटू नये यासाठी वर एक निळी पातळ फिल्म असते. तुकडा साच्यात बसवायचा, फिल्म सोलायची, रोलरनं दाबायचं. मग त्यावर दुसरा तुकडा, वेगळ्या तिरक्या अंगानं. मग तिसरा. असे थरावर थर. शेवटी सगळं प्लॅस्टिकनं झाकून आतली हवा ओढून घ्यायची आणि मोठ्या भट्टीत घालायचं. तिच्यात उष्णता आणि दाब दोन्ही असतात, म्हणून आम्ही तिला कुकर म्हणतो. कुकरमधून निघालेला टब — म्हणजे माणूस ज्यात बसतो तो भाग — आम्ही दोघी बायका उचलू शकतो, आणि त्याच्यावर चार माणसं नाचली तरी त्याला काही होत नाही.

पण आत एक फिल्म राहून गेली तर? बाहेरून काहीच दिसत नाही. घडीच्या पोळीत प्लॅस्टिकचा कागद राहावा तसं. तिथले पदर एकमेकांना धरतच नाहीत. एखाद्या दिवशी, कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी वळणावर, ते पदर सुटायचे. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. सोललेली प्रत्येक फिल्म टेबलावरच्या तारेला चिमट्यानं लावायची. काम संपलं की दोघींनी मिळून, मोठ्यानं, बोट लावून मोजायच्या. थर जितके तितक्या फिल्म. एकही कमी निघाली तर तो टब भंगारात. हुज्जत नाही. कोणाची चूक ते विचारायचंही नाही, फक्त टब टाकायचा.

ही रीत मला शिकवली कांताताईंनी.

कांताताई भिवापूरच्या. पोरवयापासून मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात त्या आवारात, देठ खुडायला जायच्या — दिवसभर मिरचीचे ढीग पुढ्यात आणि नखानं देठ काढायचे. त्या नखांनी त्यांनी पुढे फिल्म सोलली. हातमोजा घातलेला असला तरी कोपऱ्याखाली नख सरकवायच्या आणि फिल्म अलगद, एका ओढीत, आवाज न करता सुटून यायची. मला ते कधी जमलं नाही. मी शिवणकाम करणारी, माझा हात आधी कात्रीकडे जायचा. फिल्मच्या कोपऱ्याला बारीकसा छेद द्यायची, ब्लाउजच्या काखेत देतात तसा, आणि तिथून ओढायची. त्या चिडायच्या. "कात्री काहून लावून राहिली वं मंदे? कापडाले लागली म्हणजे? नखानं उचल नं." मी म्हणायची, उद्यापासून. तो उद्या काही आला नाही.

नवरा गेल्यावर त्या आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहत होत्या. मुलगा खापरखेड्याला वीज केंद्रात. तो सारखा म्हणायचा, आई इकडे ये. त्या जात नव्हत्या. का? कारण हे टेबल होतं. मला एकदा बसमध्ये म्हणाल्या होत्या की, आयुष्यभर मिरच्यांनी डोळे जाळले बाई, आता गार खोलीत पांढरी टोपी घालून उभी राहते, आणि साहेब मले ताई म्हणते. हे सांगताना त्या हसत होत्या. नवीन इंजिन पहिल्यांदा सुरू करतात तेव्हा आम्ही सगळे काम थांबवून दाराशी जातो. कांताताई दर वेळी हात जोडायच्या. मी त्यांची टिंगल करायची — काय ताई, आरती सुरू झाली का?

आणि मग त्यांना दिसेनासं झालं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे त्या कारखान्यात माझ्याखेरीज कोणाशी बोलल्या नाहीत. हात धरून सांगितलं होतं मला — दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून घेते, तोवर सांभाळ, कोणाले सांगू नको वं. मी शपथ घेतली. खरंच घेतली, आणि काही महिने पाळलीही. तुकड्यांवरचे आकडे मी त्यांना वाचून दाखवायची, आणि सोलायचं काम त्यांची बोटं करायची. सांगते ना तुम्हाला — दिसत नसूनही त्या महिन्यांत त्यांच्या हातून एक चूक झाली नाही. एकही नाही. हे मला माहीत होतं. फक्त मलाच माहीत होतं.

तो दिवस. पोरीच्या शाळेत गॅदरिंग होतं आणि मला लवकर निघायचं होतं. थर आम्ही आळीपाळीनं लावत होतो. एक माझा, एक त्यांचा. मध्ये नवऱ्याचा निरोप आला की पोरगी रडून राहिली, तू कधी येते. मी घाई केली. सगळे थर झाले. कांताताई डोळ्यांत औषध घालायला बाहेर गेल्या होत्या, आणि मी म्हटलं, मोजून घेते एकटीच. दोघींनी मोजायची रीत ना? ती मी एकटीनं केली.

एक कमी आली.

परत मोजल्या. एक कमी. टेबलाखाली पाहिलं, चपलेला चिकटली का पाहिलं. मग मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. सकाळच्या दुसऱ्या कामातली एक फिल्म तिथे होती. ती काढली आणि तारेला लावली. कांताताई आल्या. मी म्हटलं, बरोबर भरल्या. त्यांनी तरीही रीतीप्रमाणे बोट लावून मोजल्या, चाचपत, एकेक. बरोबर भरल्या. त्या म्हणाल्या, जा पोरीकडे, मी झाकते. मी बस पकडली. गॅदरिंगमध्ये पोरगी फुलपाखरू झाली होती. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःला सांगत होते, उडाली असेल कुठेतरी, पंख्यानं. बंद खोलीत, जिथे पंखाच नाही.

कुकरमधून टब निघाला की साहेब तो नाण्यानं ठोकून पाहतात. सगळीकडे टणक आवाज यायला हवा. त्या टबाला एका जागी भद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. मी तिथेच उभी होते. टब कापला, पदर उलगडले, आणि आत ती निळी फिल्म होती, अख्खी.

साहेबांनी आम्हाला वेगवेगळं बोलावलं. माणूस वाईट नव्हता, ओरडलाही नाही. म्हणाला, मंदाताई, मोजून बरोबर भरल्या होत्या ना, मग ही कशी राहिली? ती फिल्म माझी होती — हे ते चार शब्द. तयार होते. जिभेवर होते. आणि मी म्हणाले, "साहेब, कांताताईंना हल्ली नीट दिसत नाही."

बघा ना. त्यात एक अक्षर खोटं नाही. उद्या मला देवळात उभं केलं असतं तरी मी ते वाक्य बोलू शकले असते. खरं बोलूनही माणसाचा गळा कापता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि कापणारी मीच होते. मग मला रडू आलं. साहेबांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडते आहे. त्यांनी मला पाणी दिलं.

कांताताईंना त्यांनी एका तुकड्यावरचा आकडा वाचायला दिला. त्यांना वाचता आला नाही. झालं. त्या बाहेर आल्या तेव्हा मला वाटलं, आता मला विचारतील — काहून सांगितलं? शपथ घेतली होती नं? त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि आपल्याच हातांकडे पाहत म्हणाल्या, "मंग माह्याच हातून राहिली असन."

त्यांनी विश्वास ठेवला. मला जे सलतं ते हे. नोकरी गेली, ते गेलंच — दिवाळीच्या आधी शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला, फोटो निघाला, मी बाजूला उभी आहे त्या फोटोत. पण त्यांनी स्वतःच्या बोटांवरचा विश्वास टाकून दिला. खोली सोडून त्या खापरखेड्याला गेल्या. पुढे ऑपरेशन झालं, डोळे लख्ख झाले, तेव्हा मी भेटायला गेले होते. सून मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, सुईत दोरा ओवता येते आता त्यांना, पण तांदूळ निवडायले दिले तर म्हणतात, दुसऱ्या कोणाले पाहू दे बाई, माह्या हाताचं काही खरं नाही. मी चहा घेऊन बाहेर आले. कांताताईंनी माझा हात हातात घेतला. "बरं केलं तू साहेबाले सांगितलं. कोणाचा लेक बसला असता त्या गाडीत. मी तर पाप केलं असतं."

माझे आभार मानले त्यांनी. आणि मी काय केलं? बशीतला चहा पिऊन घेतला.

तेव्हापासून दरवर्षी त्या मला भिवापुरी तिखट पाठवायच्या. डब्याला कापड बांधून, मुलाच्या हाती. मी ते वर्षभर वापरायची. घरचे म्हणायचे, रंग काय आहे! मी वाढायची आणि खायची. घशाखाली उतरायचं.

तो कापलेला तुकडा साहेबांनी टाकला नाही. थर लावायच्या खोलीच्या दाराशी टांगून ठेवला — पदर उघडे, आतली निळी फिल्म तशीच. नवीन येणाऱ्या मुलींना दाखवायला. आणि नवीन मुलींना शिकवते कोण? मी. कांताताईंच्या जागी मला बसवलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक नवीन तुकडीला मी त्या दारात उभं करून सांगत आले — एका बाईंच्या हातून ही राहिली होती, फार चांगल्या होत्या, पण नजर गेली होती, तर मुलींनो मोजत जा. चांगल्या होत्या, हे मी आवर्जून सांगायची. तेवढंच माझं पुण्य. मुली त्याला कांताताईंचा तुकडा म्हणतात.

मागच्या खंडेनवमीला आमच्याकडे नेहमीसारखी पूजा होती. रोलर, कात्र्या, साचे, सगळं पुसून हळदकुंकू. कुकरला झेंडूचा हार, पुढे नारळ. त्या दिवशी जुन्या लोकांनाही घरच्यांसकट बोलावतात. कांताताई इतकी वर्षं आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. सुनेला गाड्या पाहायच्या होत्या म्हणे. मी प्रसादाचं ताट घेऊन फिरत होते. त्यांना पाहिलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? की तो तुकडा झाकायला हवा होता.

नवीन पोरींनी हौसेनं त्या तुकड्यालाही हार घातला होता. कांताताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हार बाजूला केला. टब कापला तेव्हा त्यांनी तो पाहिलाच नव्हता — म्हणजे समोर होता, पण दिसणार काय होतं? आता दिसत होतं. वाकून पाहिलं. मग बोट ठेवलं. फिल्मच्या कोपऱ्यावर.

तिथे छेद होता. बारीक. कात्रीचा. छेद दिलेला, आणि ओढायची राहून गेलेली.

कारखान्यात एवढे इंजिनियर, कोणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो अर्थ दोनच बायकांना कळत होता. त्या वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात एक पोरगी, तिचं काही चुकलं नाही, हसत म्हणाली, आजी, कांताताई तुम्हीच ना? ही तुमचीच ना फिल्म?

कांताताईंनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिल्या. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या वाट पाहत होत्या. मला वेळ देत होत्या. आजूबाजूला सगळे उभे — साहेब, मुली, त्यांची सून. चार शब्द. पुन्हा तेच चार शब्द. माझ्या हातात ताट होतं आणि मी खाली ताटात पाहायला लागले. साखरफुटाणे होते, खोबऱ्याचे तुकडे होते. मी ते पाहत राहिले.

"हो वं," त्या म्हणाल्या. "माहीच आहे. नीट मोजत जा बाई तुम्ही."

मी मान वर केली तेव्हा त्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून दाराकडे चालल्या होत्या. प्रसाद घेतला नाही. मी मागे गेले, फाटकापर्यंत, ताट घेऊन. त्यांनी मागे पाहिलं नाही. गाडीत बसताना सुनेला एवढंच म्हणाल्या की ऊन फार आहे.

त्यांनी ते काहून केलं असेल? माझी नोकरी वाचवायला? की माझ्या तोंडून येत नाही म्हटल्यावर त्यांना त्या शब्दांची किळस आली? मला माहीत नाही. मी फोन केला नाही. सांगावंसं वाटलं नाही असं नाही — पण काय सांगणार? त्यांना ते कळलेलं आहे. ज्यांना कळायला हवं ते बाकीचे सगळे आहेत, आणि त्यांच्याशी मी रोज बोलते, मोठ्यानं, तोंड फाटेस्तोवर.

या वर्षी तिखट आलं नाही. आम्ही दुकानातून आणलं. नवरा म्हणाला, कांताताई विसरल्या वाटते. मी म्हटलं, हो, वय झालं आता.

असं म्हटलं मी. वय झालं.

गेल्या सोमवारी नवीन मुली आल्या. मी त्यांना दारात उभं केलं, हार सुकून गेला होता तो काढला, आणि तुकडा दाखवला. आत कशी राहते फिल्म, पदर कसे सुटतात, दोघींनी का मोजायचं — सगळं सांगितलं. त्यांच्यात एक चुणचुणीत आहे, बुटीबोरीची. तिनं विचारलं, मॅडम, ही कोणाच्या हातून राहिली होती?

मी कांताताईंचं नाव सांगितलं.